चौकाआधीची पायरी

रंगरावांनी ब्रेकरचं टोक पायरीला टेकवलं, पण मशीन सुरू केलं नाही. मागे वळून त्यांनी अलमासकडे पाहिलं.

"करू का सुरू, ताई?"

"थांबा जरा, काका."

सकाळपासून ती हेच म्हणत होती.

काळेवाडीतल्या मिशनच्या शाळेची नवी इमारत जुनीला येऊन भिडली होती. वरचे वर्ग तयार होते, खिडक्यांना ग्रिल लागली होती, रंगाचे डबे व्हरांड्यात रचले होते. उरला होता तो जुना, अरुंद जिना. मे संपायच्या आत तो पाडून तिथेच रुंद जिना उभा करायचा होता, आणि ते काम अलमासकडे होतं.

हा जिना अलमासच्या अब्बांनी, इनायतभाईंनी बांधलेला. बांधताना सगळ्या पायऱ्या सारख्याच होत्या. नंतर मधल्या चौकात, जिना वळतो तिथल्या सपाट जागेत, शहाबादी फरशी बसवायचं ठरलं, चौक वर आला आणि त्याखालची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच झाली. दोन बोटंच, पण पायाला दोन बोटं पुष्कळ होतात. पहिलीत आलेलं प्रत्येक पोर तिथे ठेचकाळलं. कंत्राटदाराची मुलगी असून अलमासही ठेचकाळली होती. मग मोठी मुलं सांगत, "चौक आला की पाय उचल." काही दिवसांत पाय आपला आपण उचलला जाई.

अब्बांच्या मनाला मात्र ती पायरी कायम लागून राहिली. कधी छताची गळती बघायला, कधी एखादं दार बसवायला ते शाळेत यायचे, तेव्हा मान खाली घालून जिना चढायचे. "सिस्टर, या सुट्टीत तेवढी नीट करू द्या, मजुरी नको," असं दर वर्षी म्हणायचे, आणि दर वर्षी काहीतरी आड यायचं. गेल्या हिवाळ्यात ते वारले. वाकड-रहाटणीकडे त्यांनी बांधलेली बैठी घरं केव्हाच टॉवरांखाली गेली होती. त्यांच्या हातचं म्हणून दाखवावं असं आता एवढंच उरलं होतं.

मुख्याध्यापिका सिस्टर लुसी चष्मा पुसत आल्या.

"अजून उभाच आहे होय हा?"

"सिस्टर, खालचा भाग ठेवला तर? नुसता. कुंड्या ठेवायला."

"इनायतभाईंच्या त्या पायरीवर कुंड्या?" सिस्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अगं, ते कबरीतून उठून येतील आणि स्वतः घण घालतील."

अलमासला हसू फुटलं. हसता हसता तिने ओढणी तोंडाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"करा सुरू, काका," ती म्हणाली. पण बघायला थांबली नाही.

नव्या जिन्याच्या काँक्रीटसाठीची फळ्या-ठोकणी मात्र तिने एका दिवसासाठीही दुसऱ्यावर सोडली नाही. फरशीची जाडी मापात आधीच धरून घेतली. काँक्रीट पडण्याआधी मापलं, पडल्यावर मापलं, फरशी बसल्यावर पुन्हा मापलं.

"ताई, आता टेपच झिजंल," रंगराव म्हणाले. "तुमचे अब्बा बी एवढं पिडत न्हवते."

शाळा उघडली त्या दिवशी प्रार्थना संपली आणि वरच्या मजल्यावर जाणाऱ्या मुलांची रांग नव्या जिन्याला लागली. खाली अलमास, सिस्टर आणि रंगराव उभे होते. मुलं गडबडीत चढत होती. चौक आला आणि पुढच्या मुलाचा गुडघा एकदम वर गेला, पाय धप्पदिशी खाली आला. मग त्याच्या मागचीचा. मग तिच्या मागच्याचा. एकामागून एक अख्खी रांग त्याच जागी वर उचलली जात होती.

सिस्टरांचा हात कठड्यावर घट्ट झाला. "अलमास... परत?"

"छ्या, न्हाई वो सिस्टर!" रंगराव उसळले. "पायरी येकदम सरळ हाय. पोरंच वाकडी हायत."

अलमासने खिशातून टेप काढून पट्टी ओढली होती. रांगेच्या शेवटी पहिलीची मुलं होती, करकरीत बुटांतली, जुना जिना कधी न पाहिलेली. त्यांतली सगळ्यात पुढची मुलगी आपल्यापुढच्या मोठ्या मुलाच्या पायांकडे टक लावून चढत होती. चौकाआधीच्या पायरीशी ती क्षणभर थांबली, फ्रॉक सावरला आणि पाय चांगला उंच उचलून टाकला. तिच्या मागच्यानेही तेच केलं.

"मापून बघतेस ना?" सिस्टरांनी विचारलं.

अलमासने बोट सैल केलं. पट्टी सरसरत डबीत शिरली.

"नको," ती म्हणाली. "बरोबर आहे."