सरपंचांच्या वयाचा रकाना

सोनजाईवाडीला ग्रामसेवक म्हणून मी रुजू झालो तेव्हा सरपंच मानसिंगराव चौतीस वर्षांचे होते. प्रस्तावावर मी स्वतः तसं लिहिलं आहे, त्यामुळे कुणी माझ्याशी वाद घालू नये. त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. मे महिन्यात ते एकेचाळीस वर्षांचे झाले आणि गणपतीत बावन्न. साताऱ्याहून कागद परत आला, की सरपंचांचं वय दर प्रस्तावात वेगळं का, याचा खुलासा करावा. मी काय खुलासा करणार? माणूस समोर बसला होता, बघून लिहिलं.

सुरुवात बांधाच्या भांडणानं झाली. दोन चुलतभाऊ आणि मध्ये वीतभर जमीन. मानसिंगराव सकाळी काळेभोर केस घेऊन शिवारात गेले आणि दुपारी दोन्ही कानशिलं पांढरी होऊन परत आले. पुढं पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून मारामारी झाली, तेव्हा त्यांच्या दोन दाढा गेल्या. त्यांना कुणी मारलं नव्हतं, ते नुसते मध्ये उभे होते. मग कुणाचा ऊस आधी तोडायचा यावर तीन दिवस बैठक चालली. चौथ्या दिवशी सरपंच काठी टेकत कचेरीत आले.

दुसऱ्या गावाला काळजी वाटली असती. आमच्या गावाला आनंद झाला. कारण साताऱ्याच्या कचेरीत त्यांचं पांढरं डोकं बघून साहेब खुर्चीतून उठले, ‘बसा बाबा’ म्हणाले आणि शाळेच्या दोन खोल्या मंजूर केल्या. गावाला चटक लागली. सरपंच साताऱ्याला निघायचे असले की आदल्या दिवशी केरबा नावाचा पंच मुद्दाम एखादं भांडण उकरून काढायचा. रस्त्यासाठी दोन बांध फोडले. दवाखान्यासाठी तीन सख्खे भाऊ आठवडाभर वेगळे निघाले. नंतर ते गुण्यागोविंदानं एकत्र झाले, पण सरपंचांची पाठ वाकली ती वाकलीच. मला राग यायचा. पण कामं होत होती आणि वरिष्ठ माझंही कौतुक करत होते, खोटं कशाला बोलू.

त्यांची बायको विजयमाला, माहेर पलूसकडचं, वय अठ्ठावीस. बायकांच्या जागेवर त्या पंचायतीच्या सदस्य होत्या. सभेला पदर घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि सही करून उठायच्या. एकदा दोघं रहिमतपूरच्या बाजारात गेली, तर बांगड्या भरणाऱ्या मेहरुनबीनं विचारलं, उन्हातान्हात सासऱ्याला कशाला चालवतेस बाई. विजयमालाबाई रिकाम्या हातांनी घरी आल्या.

मग दसरा आला. सोनं द्यायचं आणि थोरांच्या पाया पडायचं, ही रीत. सरपंचांचे वडील हरिबा फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले, बासष्टीतही मिशीला पीळ. देवळापुढं आपट्याची पानं देत देत ते पुढं सरकत होते. समोर पांढऱ्या केसांचं वाकलेलं माणूस दिसलं, म्हणून सवयीनं खाली वाकले. पायांना हात लागल्यावर त्यांनी ओळखलं. बापानं पोराचे पाय धरले होते. मानसिंगराव चारचौघांत रडले आणि हरिबांना उठून तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून ते तसेच वाकून राहिले. विजयमालाबाईंनी सासऱ्यांना धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी मानसिंगरावांनी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. सभेत केरबा म्हणाला, ओढ्यावरचा पूल तेवढा राहिलाय, पुलापुरतं थांबा. पुलाला कितीसं लागणार, फार तर दहा वर्षं. ही दहा वर्षं सरपंचांच्या अंगावरची, हे सगळ्यांना कळत होतं. तेव्हा कोपऱ्यातून विजयमालाबाई उठल्या.

“ह्येंचा राजीनामा घ्या,” त्या म्हणाल्या. “सरपंच मला करा. पूल मी आणते.”

तरण्या बाईसाठी कुठला साहेब खुर्चीतून उठतोय, असं म्हणून केरबा हसला.

“म्हातारी व्हायला कितीसा येळ लागतोय? ह्येंना आठ म्हैनं लागलं. मलाबी तेवढंच द्या.”

गावानं विचार केला. नवी कोरी सरपंच, सगळं आयुष्य शिल्लक. निवड बिनविरोध झाली.

मानसिंगरावांचं वय साठीला येऊन थांबलं, पण मागं काही फिरलं नाही. ते ओट्यावर बसून असायचे. आणि इकडं विजयमालाबाईंचं वय हलेना. सासू, दोन जावा आणि चार म्हशी सांभाळलेली बाई. तिला बांधाचं भांडण ते काय? दोन्ही भावांच्या बायकांना तिनं एकाच वावरात भांगलायला लावलं आणि भांडण तिथंच मिटलं. गाव वाहवा करायचं, पण त्या रोज कचेरीत येऊन माझ्यापुढं डोकं वाकवायच्या.

“भाऊसाहेब, आजून येक बी न्हाई?”

मी चष्मा लावून बघायचो. केस काळे कुळकुळीत. एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, ते एकटेच पुढं गेलेत, त्यांना सोबत नको का? एवढा खरा अर्ज माझ्या नोकरीत कधी आला नव्हता.

पुलासाठी आम्ही तीनदा साताऱ्याला गेलो. पहिल्या खेपेला साहेबांनी मान वर केली नाही, आम्ही संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसलो. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, कुणीतरी मोठं माणूस घेऊन या. परतीच्या एसटीत मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. कोरेगाव गेल्यावर खिडकीतून ऊन आलं आणि मला तो दिसला. कानामागं, एकच. मी सांगितल्यावर त्यांनी त्यावर जो हात ठेवला तो गाव येईपर्यंत काढला नाही.

त्या तशाच तडक घरी गेल्या, मी फायली घेऊन मागं. मानसिंगरावांनी पूल झाला का विचारलं. नाही म्हणाल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसून, पदर मागं सारून त्यांनी नवऱ्याचं बोट धरून त्या केसावर टेकवलं. मानसिंगराव बघत राहिले. कसंबसं म्हणाले, पुरे झालं, तूही सोड आता.

“तुमी हितंच थांबा,” त्या म्हणाल्या. “म्होरं जाऊ नका. मी आलेच.”

दुसऱ्या दिवशी मी पुलाचा प्रस्ताव पुन्हा लिहायला घेतला. वयाच्या रकान्यात सवयीनं अठ्ठावीस लिहिलं. बाईंनी कागद माझ्याकडं परत सारला आणि नीट बघून लिहा म्हणाल्या. मी तीस केलं.