नाकावरची शाई

मांडीवर जाकीट उलटं पसरून तिने अस्तराची शिवण उसवायला घेतली. खिशाला भोक पडलं होतं आणि त्यातून काहीतरी घसरून तळाशी साचलं होतं. बोटांना कागदासारखं लागत होतं.

"तुझं काम आहे का ते?" कपडेपटातल्या मावशी इस्त्री फिरवता फिरवता म्हणाल्या. "ज्याचं जाकीट, त्याला शिवू दे की."

"त्याला सुई धरता येत नाही."

"सुई धरता येत नाही, पण शिवून घेता येतं."

ती लाजली. या उन्हाळ्यात तिला लाजायला कारण लागत नव्हतं. भाता ओढणाऱ्या मुलाचा नुसता उल्लेख झाला तरी पुरे होई.

जाकीट त्याचंच होतं. म्हणजे तसं संग्रहालयाचं. भिंतीच्या आत दीडशे वर्षांपूर्वीचं गाव मांडलेलं होतं. त्यात चालणारा छापखाना होता, पेटती भट्टी होती, चाक फिरवणारा कुंभार होता. भिंतीच्या बाहेर तिकीटखिडकी आणि मोटारींची रांग. सकाळी दाराशी फोन आणि घड्याळं जमा करायची, कपडे बदलायचे आणि संध्याकाळी पाचपर्यंत त्या काळाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पाहुण्यांपैकी कुणी विजेबद्दल विचारलं तर आभाळाकडे बघायचं. सुट्टीत दहा-बारा शाळकरी मुलांना इथे काम मिळे. ती मुद्रकाची मुलगी झाली होती. समोरच्या लोहारशाळेत तिच्याच वयाचा एक मुलगा भाता ओढायचा, म्हणून सगळे त्याला भात्या म्हणत. तोही भात्या म्हटल्यावर ओ देत असे.

गाव चालवायचे ते सर. आधी शाळेत इतिहास शिकवायचे. तिथे मुलं ऐकत नसत, इथे पगारी माणसं ऐकत. रोज सकाळी ते प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी ठेवत, टाकाने लिहिलेली. आज गावात तुझ्या वाट्याला काय आलंय, ते त्यात असे. तिच्या चिठ्ठीत एका ओळीपलीकडे कधी काही नसायचं. 'गुरांच्या बाजाराची जाहिरात छापणे.' ते वाचून ती निमूट छपाईचे, अक्षरांचे खिळे जुळवायला बसे.

दुसऱ्या आठवड्यात भात्या रस्ता ओलांडून छापखान्याच्या दारात आला होता. पंधरा-वीस पाहुणे उभे होते. त्यांच्यासमोर तो म्हणाला होता, "तुझ्या नाकाला शाई लागलीय." तिने पुसलं. "अजून आहे." तिने नाक लाल होईपर्यंत पुसलं. लोक हसले, तोही हसला, आणि ती लाजून पुन्हा खिळ्यांवर वाकली. मग त्याने ऐरणीवर ठोकून तिला एक लोखंडी आकडा करून दिला. मग एकदा टोपीतून रानफूल काढलं. आकडा तिने घरी नेला आणि त्याला दप्तर अडकवलं. नाकाची गोष्ट थोरल्या बहिणीला सांगितली. बहिणीने तीनदा ऐकून घेतली आणि तिन्ही वेळा चिडवलं.

पाचनंतर मात्र भात्या मुका व्हायचा. बस येईपर्यंत दोघं भिंतीवर बसत. तो खडे वेचायचा आणि समोरच्या खांबावर मारायचा. एखादा लागला की तिच्याकडे बघायचा. कपड्यांमुळे धीर येत असेल त्याला, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिला ती खडे मारणारी वीस मिनिटंसुद्धा आवडायची.

शिवण उसवली आणि चिठ्ठ्या तिच्या मांडीवर पडल्या. सात होत्या. अक्षर सरांचं.

'मुद्रकाच्या मुलीला सांग, नाकाला शाई लागलीय. लागलेली नसली तरी.'

'तिला एक आकडा करून दे. चारच्या गर्दीत.'

'रानफूल. टोपीत लपवून ने.'

शेवटची जरा मोठी होती. 'तुमची जोडी लोकांना आवडते आहे. चालू ठेव. तिला यातलं काही सांगू नकोस. माहीत नसलं की ती खरी लाजते.'

ही तिने दोनदा वाचली. मग सातही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या, आणि छापखान्यातली सवय म्हणून उगाच मोजल्या. कान तापले होते. महिनाभर ती रोज पाहुण्यांसमोर लाजली होती आणि त्या लाजण्याचं तिकीट लागत होतं. सगळ्यात जास्त राग तिला त्या नसलेल्या शाईचा आला.

"काय निघालं गं?" मावशींनी विचारलं.

"कचरा."

तिने खिसा शिवला. दुहेरी दोऱ्याने, इतका घट्ट की आता त्यातून टाचणीही खाली गेली नसती. त्या संध्याकाळी ती मागच्या दाराने निघाली, अलीकडच्या थांब्यावर जाऊन बसमध्ये बसली. बस भिंतीपाशी आली तेव्हा खाली वाकून चपलेचा बंद नीट करत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेची सहल होती. अकराच्या सुमाराला छापखान्यात चाळीस मुलं कोंबलेली होती आणि मुद्रककाका त्यांना शाईचा रूळ दाखवत होते. तेवढ्यात मुलांमधून वाट काढत भात्या आत आला. डोक्यावर टोपी नव्हती. हात काळे, तोंड भट्टीने लाल झालेलं.

"ऐक ना," तो म्हणाला.

तिने खिळ्यांच्या खणातून नजर काढली नाही.

"काल तू थांबली नाहीस."

"कामं असतात माणसांना."

मुलं गप्प झाली. काहीतरी दाखवायला सुरुवात झाली आहे हे त्यांना कळलं. त्यांच्या शिक्षिकेने बोट ओठांवर ठेवून मागच्यांनाही गप्प केलं.

"मी आज... म्हणजे बाबा येणार आहेत एक वाजता. आम्ही पुढच्या आठवड्यात गाव सोडणार होतो, ते आजच जायचं ठरलंय. तर मी म्हटलं..." तो अडखळला. रोज घडाघडा बोलणाऱ्या भात्याला आज वाक्य जुळवता येत नव्हतं. "तू मला तुझा नंबर देशील का?"

म्हणजे आज निरोपाचा दिवस. सरांनी आज निरोप लिहिला आहे आणि नेहमीप्रमाणे आपल्याला तेवढं सांगितलेलं नाही. तिने हातातला खिळा खणात टाकला आणि मुलांकडे वळली.

"नंबर? हा कसला नंबर? तुम्हाला माहीत आहे का रे?"

"फोनचा," मुलं एका सुरात ओरडली.

"फोन म्हणजे काय असतं बुवा?"

छापखाना हसण्याने भरून गेला. शिक्षिकासुद्धा हसत होत्या. मुद्रककाका ओठ न हलवता पुटपुटले, "पोरी, बास."

"मी खरंच विचारतोय," भात्या म्हणाला.

"तू रोजच खरं बोलतोस," ती म्हणाली. "माझ्या नाकाला काही लागलंय का, तेवढं बघून सांग."

भात्याचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. तो मुलांकडे बघत नव्हता. तिच्या तोंडाकडे बघत होता, खरोखर काही शोधत असल्यासारखा.

"नाही," तो म्हणाला. "काही लागलेलं नाही."

आणि गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने तिला विचारलं, तो परत येणार आहे का. "येईल की," ती म्हणाली, "उद्या अकरा वाजता." तासभर तिला फार बरं वाटलं. आपण त्याला चारचौघांत चांगलंच खाली बघायला लावलं, सरांनी लिहिलेल्या निरोपाचा पार विचका केला, याचा आनंद तिला लपवता येत नव्हता. एकच्या सुमाराला समोरचा भाता थांबला. जेवायला गेला असेल, असं तिला वाटलं.

पाच वाजता ती कपडेपटात आली तेव्हा जाकीट मावशींच्या टेबलावर घडी करून ठेवलेलं होतं.

"खिसे तेवढे बघ गं," मावशी म्हणाल्या. "उद्या नव्या मुलाला द्यायचंय."

"कुठल्या नव्या?"

"भट्टीवरच्या. वडील येऊन घेऊन गेले ना आपल्या भात्याला. त्यांची बदली झालीय म्हणे, सामान काल रात्रीच ट्रकमध्ये चढलं. बराच वेळ इथे रेंगाळत होता पोरगा. मला म्हणाला, शिवण चांगली घातलीय." मावशींनी इस्त्री उभी केली. "तुला काही बोलला नाही?"

"बोलला," ती म्हणाली.

खिशात आजची चिठ्ठी होती. कालच्या शिवणीने तिला खाली जाऊ दिलं नव्हतं. चिठ्ठीवर काळ्या अंगठ्याचा डाग पडला होता, पण अक्षर सरांचंच होतं, ठसठशीत.

'आज शाळेची सहल आहे. भाता सोडून हलायचं नाही. छापखान्याकडे फिरकायचं नाही.'

तिने ती पुन्हा वाचली. मग तिने चिठ्ठी उलटून बघितली. मागे कोरं होतं.

"मावशी, त्याचा नंबर असेल का कुणाकडे?"

"ऑफिसात असेल. पण कुणाचा नंबर कुणाला देत नाहीत ते. मागे एकदा काहीतरी झालं होतं, तेव्हापासून." मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या हातातलं जाकीट काढून घेऊन त्यांनी ते हँगरवर अडकवलं.

भिंतीवर ती बस येईपर्यंत बसली. पायाशी खडे होते. तिने एक उचलून खांबावर मारला, तो लागला नाही. दुसराही लागला नाही. रोज त्याचे इतके कसे लागायचे, हे तिने त्याला कधी विचारलं नव्हतं.

सकाळी सरांनी तिच्या हातात चिठ्ठी ठेवली. 'खानावळीचं दरपत्रक छापणे,' असं होतं, आणि या उन्हाळ्यात पहिल्यांदाच खाली आणखी दोन ओळी होत्या. 'लोहारशाळेत नवा मुलगा आला आहे. तो येईल. कालचं तुझं नंबरचं उत्तर उत्तम, पण आता आधीसारखंच लाजायचं.'

अकरा वाजता तो आला. चांगला उंच, हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा होता. जाकीट त्याला खांद्यात तोकडं होत होतं. खिशावर दुहेरी दोऱ्याची शिवण दिसत होती.

"तुझ्या नाकाला शाई लागलीय," तो म्हणाला.

दारातले लोक हसायला तयार होऊन तिच्याकडे बघत होते. तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं.

"अजून आहे."

तिने पुन्हा पुसलं, मान खाली घातली आणि लाजून दाखवलं. लोकांना ते फार आवडलं.