नववं वल्हं

कार्तिकातलं कोवळं ऊन कल्याणच्या खाडीवर उतरे, तेव्हा पास्कू तांडेल होडीच्या मागच्या टोकाला डोळे मिटून बसलेला असे. शर्यतीत डोळे मिटणारा तांडेल मी दुसरा पाहिला नाही. आठ वल्ही पाण्यात एकदम पडली की एकच आवाज होतो, भरल्या घागरीवर थाप मारावी तसा. एखाद्याचे खांदे भरून आले की त्याच्या वल्ह्याचा आवाज किंचित मागे राहतो. पास्कू त्या मागे राहिलेल्या आवाजाची वाट पाहत असे.

कल्याणहून ओहोटीबरोबर निघायचं आणि ठाण्याच्या बंदराला लागायचं, एवढीच ती शर्यत. आगगाडीने माल पळवल्यावर होड्यांना काम उरलं नव्हतं. जोर मात्र उरला होता. इतकं अंतर आठच माणसं एका दमात नेऊ शकत नाहीत, म्हणून चार गडी मध्ये बसून राहत. त्यांना बदली म्हणत. तांडेलाने खांद्याला हात लावला की त्या गड्याने वल्हं उचलून मध्ये सरकायचं आणि बदलीने आपलं वल्हं टाकायचं. दुसऱ्याच्या वल्ह्याला हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत होती. होडी वाकडी जाऊ नये म्हणून उठायचं ते समोरासमोरच्या दोघांनी, आणि होडी न थांबवता. पाण्यात आठांपेक्षा जास्त वल्ही दिसली, तर सगळी वर धरून, वल्हवताना जे गाणं चाले त्याचं एक अख्खं कडवं थांबायचं. ती मोजायला प्रत्येक होडीत एक तिऱ्हाईत बसवीत. मी मिठाच्या चौकीवरचा कारकून, याद्या नीट ठेवणारा. पास्कूच्या, म्हणजे ठाणेकरांच्या, होडीत मला बसवलं जाई.

कोणत्या कडव्याला कोणती जोडी उठवावी, याचा मी त्याला एकदा तक्ता करून दिला होता. त्याने तो घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाला, कागदाला घाम येत नाय, मास्तर. मी मास्तर नव्हतो, पण लिहिणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी मास्तरच होता.

पहिल्या वल्ह्यावर त्याचा थोरला भाऊ आंतोन बसे. बाप गेल्यावर यानेच पास्कूला वाढवलं, वल्हं धरायला शिकवलं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्याची मान वाळक्या वेलीसारखी झाली होती. निघण्यापूर्वी तो धाकट्याला हळूच म्हणाला, “पास्कू, मना उठवू नको. औंदा ठान्याला मना वल्ह्यावरच जावाचा हाय.”

पास्कूने वल्ह्यांच्या दोऱ्या तपासल्या. “तुजा वल्हा बोलंल तसा मी करीन, दादूस.”

डोंबिवलीपर्यंत आम्ही पुढे होतो. दोनदा जोड्या बदलल्या. दोन्ही वेळा पास्कूचा हात आंतोनच्या खांद्यापाशी जाऊन पुढच्या गड्यावर पडला. मधला एक बदली पुटपुटला, दादूसचा बूड फळीला चिकटलाय, आता सुतार बोलवा. आंतोनसकट सगळे हसले. पण पारसिकच्या डोंगराची सावली अंगावर आली, तेव्हा ते पहिलं वल्हं मागे पडलेलं मलाही ऐकू येऊ लागलं. कल्याणकरांची होडी हातभर मागे होती.

पास्कूने डोळे उघडले. समोरच्या गड्याला हात लावला, मग भावाला. समोरचा उठला, त्याचा बदली बसला. आंतोनच्या बदलीनेही वल्हं टाकलं.

आंतोन उठला नाही. मान न वळवता म्हणाला, “आजून येक कडवा.”

तांडेलाने खांद्यावर हात ठेवला की बोलायचं नसतं. दुसरा कोणी असता तर पास्कूने त्याला काखेत धरून उचललं असतं. त्याचा हात तिथेच राहिला; त्याने तो ना दाबला, ना काढला. नऊ वल्ही पाण्यात पडली, उठली, पुन्हा पडली. मी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि ज्यासाठी मला बसवलं होतं ते म्हणालो, “नऊ.”

“वल्ही वर,” पास्कू म्हणाला.

आम्ही ते कडवं गायलो. कल्याणकर शेजारून गेले. त्यांनी चिडवलं नाही, हे मला जास्त लागलं.

ठाण्याच्या बंदरावर लोकांनी विचारलं, नऊ कशी झाली? पास्कू म्हणाला, हात माजा चुकला. आंतोन मध्ये बदल्यांच्या जागी, वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, “हात नाय चुकला. मीच बसून रेलो.” मग उतरताना धाकट्याच्या खांद्याला धरून उतरला. पुन्हा तो शर्यतीला आला नाही.

दोघे भाऊ गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जाणाऱ्याने उठावं आणि येणाऱ्याने बसावं, हा होडीचा नियम योग्यच आहे. मी आजही नऊच म्हणेन. पण पारसिकच्या सावलीत तेवढा वेळ जाणारा आणि येणारा दोघेही पाण्यात होते, आणि माझ्या आठवणीतली ती होडी अजून नऊ वल्ह्यांनीच चालते.