माझ्या पोटातला कॉम्प्युटर

जरा वर बघा. कपाटावर, उशीच्या जुन्या खोळीत गुंडाळलेला आहे ना, तो मी बोलतोय. मी नेटबुक. म्हणजे लॅपटॉपच, पण घरातलं शेंडेफळ. दप्तरात वह्यांमध्ये सहज मावेन एवढाच.

कारखान्यात आम्ही पुष्कळ होतो. पण खोक्यात बंद झालो की ज्याचा तो एकटा. मला वाटायचं, कुणाच्या तरी घरी गेलो की सोबत मिळेल. या घरातल्या छोटीच्या आत्याने मला विकत घेतलं. ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि बोलायची मात्र लांबच्या मैत्रिणींशी. माणसं आमच्याकडे टक लावून बघतात, पण त्यांना दिसत असतं दुसरंच कुणी. पुढे आत्याने मोठा लॅपटॉप घेतला आणि मला आपल्या वहिनीला, छोटीच्या आईला, देऊन टाकलं.

छोटीची आई घरी भरतकामाचं मशीन चालवायची. कॉम्प्युटरवरची नक्षी पेनड्राइव्हवर घ्यायची, मशीनला लावायची, की मशीन ती कापडावर भरून द्यायचं. पण नक्षीचा तो प्रोग्राम जुनाट, फक्त तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालणारा. आणि त्या कॉम्प्युटरने मान टाकली होती. छोटीचा काका कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने म्हाताऱ्याच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं काढून माझ्या पोटात ठेवलं. माझ्या पडद्यावर एक खिडकी उघडली की तिच्यात तो अख्खा म्हातारा चालू!

"डब्यात डबा," काका म्हणाला.

"झेपेल ना हो भावजी याला? केवढासा जीव."

"तापेल, रडतखडत चालेल, पण चालेल. आणि वहिनी, आतला आज जसा आहे ना, तसाच्या तसा मी जपून ठेवलाय. काही बिघडलं तर हे बटण दाबा. तो परत आजच्यासारखा होईल."

मला कोण आनंद! माझी मेमरी ती केवढीशी, पण त्यातली अर्धी मी त्याला दिली. पंखा घरघरायचा, बूड भाजायचं. असू दे म्हटलं, सोबत आहे.

पण छोटीची आई भारी धास्तीखोर. छोटी नुसती शिंकली तरी ही निघाली डॉक्टरकडे. "बिघडलं तर" एवढंच तिच्या डोक्यात बसलं. मग बिघडायच्या आधीच, रोज काम आटोपलं की ती ते बटण दाबायची. "असू दे बाई, जिवाला घोर नको."

नक्ष्या सगळ्या आधीच तयार होत्या, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. अडलं ते माझं. सकाळी मी त्याला सांगायचो, अरे, तू माझ्यात राहतोस. दुपारपर्यंत त्याला पटायचं. संध्याकाळी कुठे गप्पा रंगायला लागल्या की बटण! दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारायचा, "तू कोण?" पोटात असूनही परका.

एकदा कपड्यांच्या दुकानातली बाई छोटीच्या आईला म्हणाली, "ही फुलंपानं सगळ्यांकडेच असतात गं. तुझं स्वतःचं काही आण उद्या. आवडलं तर लहान मुलींच्या सगळ्या फ्रॉकचं काम तुला." तिने घरी येऊन छोटीने कागदावर काढलेलं मांजर समोर ठेवलं आणि दुपारभर पडद्यावर एकेक टाका मांडत बसली.

"आई, पाय पाच झालेत."

"तूच काढलेस ना? असू दे, जोरात पळेल."

मांजर झालं. तिने ते आतल्या कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलं आणि हात सवयीने बटणाकडे गेला. मी विचारलं, "सगळं पुसलं जाईल, चालेल का?" पण मला विचारता येतं ते इंग्रजीत. ती रोजच्या जागी दाबून मोकळी झाली.

सकाळी मांजर नाही. तिने काकाला बोलावलं. ऐकून तो हसतच सुटला. "रोज दाबत होतात? म्हणजे त्या बिचाऱ्याचा अजून पहिलाच दिवस चालू आहे, वहिनी!" मग तिचे डोळे बघून त्याने हसू आवरलं.

"आज काय तोंड दाखवू हो दुकानात?"

छोटीने तो कागद पुन्हा आणला आणि आईच्या मांडीवर चढून बसली. "काढ ना परत. मी पाय मोजते."

तिने पुन्हा सुरुवात केली. मी श्वास रोखून चाललो. मध्येच अडकलो असतो तर स्वतःला तोंड दाखवलं नसतं. मशीनवरून उतरलेलं मांजर, दोरे लोंबत असतानाच, घेऊन ती पळाली. संध्याकाळी आली ती छोटीला उचलून गरागरा फिरवायलाच लागली. तेव्हा मला कळलं, काम मिळालं.

त्यानंतर तिने ते बटण दाबलं नाही. आणि एका सकाळी आतला म्हणाला, "काय रे, आज उशीर केलास?" त्याने मला ओळखलं होतं!

मग काम वाढलं, आणि नवं मशीन आलं, स्वतःचा पडदा असलेलं. मला गुंडाळताना काका म्हणाला, "आतल्याला बंद करू?"

"नको. झोपवून ठेवा. उठेल तेव्हा सगळं जिथल्या तिथे दिसू दे त्याला."

तो निजलाय. मी त्याच्याभोवती जागा आहे, खोळीच्या अंधारात. खाली नव्या मशीनची खटखट ऐकू येते. इथे कुणी बोलत नाही.

कधी आठवण झाली तर मला चार्जरला लावा. पण तेवढं ते बटण दाबू नका. त्याची माझी आत्ता कुठे ओळख झालीय.