आर्डाचं माप

आपली बायको आर्डा गेल्याचं व्हर्लला कळलं तेव्हा तो गाडीखाली आडवा होता. सॉल्ट लेकच्या इस्पितळातून तो कपडे बदलायला म्हणून ग्रँट्सव्हिलला घरी आला होता, आणि हात रिकामे राहवेनात म्हणून गॅरेजमध्ये शिरला होता. फोन लॅमाँटचा होता, तिच्या धाकट्या भावाचा.

"व्हर्ल, गेली रे."

व्हर्ल गाडीखालून बाहेर सरकला. मग म्हणाला, "काही म्हणाली का?"

लॅमाँट अडखळला. "म्हणाली, व्हर्लला सांग, पीच विसरू नको."

"काय?"

"पीच. मलाही काही कळलं नाही."

जाताना बाईमाणूस बरणीत घातलेल्या पीचच्या फळांचं कशाला काढेल, असं व्हर्लला वाटलं. आणि हा अडखळला का? ती दुसरंच काहीतरी म्हणाली असेल, हा सांगत नाही. ही अढी त्या दिवशी बसली ती बसलीच.

गाडी आर्डाची होती. म्हणजे कागदावर दोघांची, पण डोकं तिचं. चार सिलिंडरचं पेट्रोलचं टर्बो इंजिन, आणि त्यात टर्बोचा दाब चढला की वेगळ्या टाकीतून नायट्रोमिथेनचा फवारा. नायट्रो पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, म्हणून ती ते मिथेनॉलमध्ये मिसळायची. नायट्रो जळताना निम्मा प्राणवायू स्वतःच घेऊन येतं. थोडं असेल तर इंजिन पळतं, जास्त झालं तर फुटतं. ते थोडं म्हणजे किती, हे आर्डा ठरवायची. जोडकाम व्हर्ल करायचा, गाडी लॅमाँट चालवायचा. ऑगस्टमध्ये मिठाच्या मैदानावर वेगाच्या शर्यती भरतात, तिथे गाडी पळवून तिच्या वर्गातला विक्रम मोडायचा, एवढं तिचं म्हणणं होतं. आता ते व्हर्लचं झालं होतं. दुसरं त्याच्याकडे उरलंच काय होतं?

चर्चमधल्या बायका दुखवट्याची म्हणून चीज घातलेल्या बटाट्यांची भांडी आणून देत होत्या तोवर दिवस कसेबसे सरले. भांडी थांबली तेव्हा जुलै लागला होता, आणि आर्डाने मिसळून ठेवलेल्या इंधनाचा डबा व्हर्लने उघडला.

दुधात पाणी आहे का ते बघायला काचेचं तरंगतं माप असतं ना, तसलंच माप नायट्रोलाही असतं. नायट्रो जड, मिथेनॉल हलकं. नायट्रो कमी असेल तर माप खोल बुडतं. गॅरेज तव्यासारखं तापलं होतं. व्हर्लने माप सोडलं, आणि त्यावर आर्डाने केलेली खूणही बुडून ते बरंच खाली गेलं.

त्याने पुन्हा सोडलं. पुन्हा तेच.

म्हणजे कुणीतरी नायट्रो काढून मिथेनॉल भरलं होतं. आता गावात पिंपभर मिथेनॉल कुणाकडे असतं? लॅमाँटकडे. मातीच्या रिंगणात पळवायचा त्याचा खटारा त्यावरच चालतो. गॅरेजची किल्ली कुणाकडे? लॅमाँटकडे. बहीण इस्पितळात होती तेव्हा हा इथे येऊन काय करत होता, कुत्र्याला खायला घालत होता म्हणे.

व्हर्लने डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावरून डब्यापर्यंत पेनाने रेघ ओढली, कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

शनिवारी लॅमाँट आला, तर त्याची नजर आधी तिथेच गेली. "हे काय? चोर आला होता का गावात?"

"आला असेल."

"मग डबा कशाला नेईल? तुझा तो टीव्ही नेला असता तर उपकार झाले असते."

व्हर्ल हसला नाही. लॅमाँटने त्याच्याकडे जरा बघितलं आणि कुत्र्याचे कान खाजवत बसला. इतका सहज कसा बोलतो, व्हर्लला वाटलं. चोरच इतका सहज बोलेल.

लॅमाँट गेल्यावर व्हर्लने पट्टी काढली, माप आर्डाच्या खुणेवर येईपर्यंत डब्यात निव्वळ नायट्रो ओतलं, आणि नवी पट्टी लावली. कुणाला काही बोलला नाही. चोराला कळवायचं कशाला?

पुढच्या आठवड्यात मैदानाकडच्या रिकाम्या रस्त्यावर चाचणी घेतली. लॅमाँटने दाब चढवला, गाडीने एकदम उसळी घेतली. मग एक कोरडा खणखणाट झाला आणि मागून पांढरा धूर. गाडी रस्ता सोडून खारट चिखलात आडवी रुतली. व्हर्ल धावत पोचेपर्यंत लॅमाँट दार उघडून बाहेर बसला होता. ओठ फुटला होता.

"माझी चूक," तो म्हणाला. "पाय फार वेळ दाबून धरला. तिचं इंजिन फोडलं मी, व्हर्ल."

व्हर्लने प्लग काढून बघितले. तिसऱ्यावर ॲल्युमिनियमचे दाणे चिकटले होते. पिस्टनला भोक पडलं होतं. आणि तरीही त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच, की याने डब्यात आणखी काय घातलं?

घरी आल्यावर लॅमाँट म्हणाला, "काहीतरी गोड दे रे, तोंडात रक्ताची चव आहे. तिचे पीच असतील ना?"

दोघं तळघरात उतरले. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली आणि इथे गारवा. फळीवर आर्डाच्या पीचच्या बरण्या रांगेने. लॅमाँटने एक ओढली, तर तिच्यामागे उंच रिकामी काचेची बरणी दिसली आणि तिला टेकवलेला थर्मामीटर. त्याने बरणी हुंगली.

"नायट्रो," तो म्हणाला. "ही इथे माप घ्यायची?"

व्हर्ल पायरीवर खाली बसला. इतकी वर्षं ती "पीच आणते" म्हणून खाली जायची, आणि वर येताना बरणीही आणायची आणि आकडाही सांगायची. त्याला फक्त बरणी दिसायची. रात्रभर इथे गार झालेल्या मिश्रणात ती माप सोडत होती. त्याने सोडलं तापलेल्यात. तापलेलं मिश्रण हलकं बनतं, म्हणून त्यात माप खोल बुडतं.

त्या रात्री त्यांनी उरलेलं मिश्रण त्याच बरणीत घालून पीचपाशी ठेवलं. सकाळी लॅमाँटने माप सोडलं. ते आर्डाच्या खुणेच्या पार वर तरंगत राहिलं.

"एवढं कडक ती कधीच करत नव्हती," लॅमाँट म्हणाला. "कुणी वाढवलं?"

"मी. गॅरेजमधल्या उकाड्यात कमी दिसलं."

"मला विचारायचंस तरी. गाडीत मी बसलो होतो रे."

"हो."

लॅमाँटने माप काढून पुसलं. मग त्याने विचारलं, "पट्टी कशाला लावली होतीस?"

"झाकण सैल होतं," व्हर्ल म्हणाला.

लॅमाँटने मान हलवली आणि पीचची बरणी घेऊन वर गेला.

ऑगस्ट तसाच गेला. पिस्टन आता नवा बसला आहे. लॅमाँट दर शनिवारी येतो, डब्याचं झाकण फिरवून बघतो. ते कधीच सैल नसतं. तो काही विचारत नाही. मिठावर गाडी न्यायची राहिली आहे, आणि आपण त्याला चोर समजलो होतो हे व्हर्लने त्याला सांगायचं राहिलं आहे.