पहिलं रीडिंग

मंगळवार, १२ एप्रिल २०१६. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नांदूरघाटजवळच्या चारा छावणीत, चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांच्या गंजीमागं गहिनीनाथनं केशरचा मुका घेतला. चार सेकंद, फार तर पाच. दोघांचाही आयुष्यातला पहिला.

केशरला काहीच वाटलं नाही.

तिनं डोळे मिटले नव्हते. त्याच्या कानामागून घामाची रेघ उतरत होती ती तिला दिसली. पलीकडं कुणीतरी बैलाला शिव्या देत होतं ते ऐकू आलं. चपलेतून पाय भाजतायत हेही कळत होतं.  गहिनीनाथ मागं सरला आणि बाहीनं उगाच कपाळ पुसत म्हणाला, "जानेवारीपासून मनात होतं. धाडस होईना."

"शर्टाला चाऱ्याचा वास येतोय तुमच्या," केशर म्हणाली.

"तीन म्हैने छावणीत हाय मी. अत्तराचा यावा का मंग?"

तो हसला. हसायचं असतं म्हणून तीही हसली आणि रिकामा डबा उचलून निघाली.

गंजीमागं चला, असं तिनंच सांगितलं होतं. बीडला नर्स असलेली तिची मावसबहीण छबू रविवारी फोनवर म्हणाली होती, "पहिल्याच मुक्यात कळतं. पोटात काहीतरी हललं तर तुझा माणूस. नाही हललं तर सरळ नाही म्हण. माझं कळलं होतं." छबूचं खरंच कळलं होतं, तिचं बरं चाललं होतं. आणि केशरकडं वेळ बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंतच होता.

केशर चोवीस वर्षांची. गावच्या सहकारी दूध संस्थेत ती मशीनवर दुधाचं फॅट मोजायचं काम करी. तिचे वडील माणिकराव, ज्यांना ती आप्पा म्हणे, दोन बैल घेऊन जानेवारीपासून छावणीतच राहत होते आणि ती रोज त्यांचा डबा पोचवी. गहिनीनाथ शिरूर कासारकडचा. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर वहीत टिपून हजेरी लावणं हे त्याचं काम. मार्चमध्ये त्याच्या चुलत्यानं त्याच्यासाठी तिला मागणी घातली. सुपारी अजून फुटली नव्हती. लग्न दारात करायचं म्हटलं तर चारशे माणसांना पाणी कुठून आणायचं? गावात टँकर सहा दिवसांनी येत होता. दूध संस्थेनं २८ तारखेला सामुदायिक विवाह ठरवला होता, त्याचे अर्ज बुधवारी पाचला बंद होणार होते. अर्जावर मुलीनं स्वतः सेक्रेटरीसमोर संमतीची सही करायची अट होती.

आप्पा म्हणाले होते, "मी जोर करनार न्हाई. पन पाचच्या आत काय ते सांग. औंदा न्हाई झालं तर मंग पाऊसपाण्यावर गेलं."

संध्याकाळचं संकलन पाचला सुरू होई. दोन वर्षांपूर्वी संस्थेत दिवसाला चौदाशे लिटर दूध यायचं, आता तीनशेही होत नव्हतं. कॅन धुवायला दोन माणसं होती, त्यातली एक उरली होती, बायनाबाई. पन्नाशीची, ऊसतोड करून कंबर गेली म्हणून गावात राहिलेली.

"मावशी, एक इचारू का?" केशरनं त्या संध्याकाळी मशीनची नळी धुताधुता विचारलं. "तुमच्या मालकानं पयला मुका घेतला तवा काय वाटलं तुमाला?"

बायनाबाईनं कॅन खाली ठेवला. "येडी का खुळी गं तू? आमच्या येळंला आदी लेकरू व्हायचं, मुका मागून."

"मागून का हुईना. काय वाटलं?"

"तंबाखू वाटली."

"तेवढंच?"

"चुना बी होता." बायनाबाईनं पुन्हा कॅन घासायला घेतला. "कुनी घेतला गं तुजा? त्या बिल्लेवाल्यानं?"

केशरनं नळीत पुन्हा पाणी सोडलं.

"मंग मानूस बरा हाय का वाईट, ते कसं कळलं तुमाला?"

"फडात मोळी माज्या डोक्यावर द्यायच्या आदी चुंबळ नीट बसलीय का बघायचा तो. बाकीचे गडी नुसती आदळायचे. त्याच्यावरून कळलं. पन ते ध्यानात याया दोन हंगाम गेले माय. तुला उद्याच सांगायचंय ना?"

पहिला माणूस किटली घेऊन आला. केशरनं त्याच्या दुधाचा नमुना मशीनला लावला, आकडा आला, तिनं तो लिहिला नाही. दूध ओतून टाकलं आणि दुसरा नमुना लावला. धुतल्यावर नळीत पाणी राहतं, म्हणून पहिलं रीडिंग धरायचं नसतं. संस्थेतलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. मग मुक्याचं पहिलंच कसं धरायचं, हे तिनं रात्री छबूला फोनवर विचारलं.

"माणूस म्हणजे दूध आहे का?" छबू म्हणाली. "काही हललं का?"

"न्हाई."

"मग नाही म्हण. जन्माचा प्रश्न आहे."

"छबू, हरणी इकली तवा बी काई हललं न्हवतं."

हरणी त्यांची गाय. बैलांबरोबर तीही छावणीत होती; फेब्रुवारीच्या शेवटी व्यापाऱ्यानं तिथूनच नेकनूरच्या बाजाराला नेली. आई दोन दिवस जेवली नव्हती. केशर त्याच संध्याकाळी संकलनाला बसली होती आणि एकाही आकड्यात चूक झाली नव्हती.

"ते वेगळं," छबू म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वेगळंच ना?"

केशरला संस्थेतलं मशीन आठवलं. मागच्या महिन्यात ते बिघडलं होतं, तेव्हा म्हशीच्या दुधाला आणि गाईच्या दुधाला एकच आकडा येत होता. तेव्हा कुणी दुधाला नाव ठेवलं नाही. केजहून माणूस येऊन मशीन दुरुस्त करून गेला होता.

बुधवारी सव्वाअकराला ती छावणीत पोचली. आप्पांना डबा दिला. गहिनीनाथ शेवटच्या दावणीवर हजेरी घेत होता.

"कालच्यावानी परत एकदा गंजीमागं चला," ती हळू आवाजात म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "कावून? कालचा कमी पडला का?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "काल मला काईच वाटलं न्हाई."

वहीत ज्या नंबरावर त्याचं बोट होतं तिथंच ते राहिलं. "काईच?"

"काईच."

"वाईट बी न्हाई वाटलं?"

"न्हाई."

मग तिनं छबूचं सगळं सांगून टाकलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे परीक्षा होती. माला ठाऊकच न्हाई." तो वही मिटून म्हणाला, "अन् माला काय वाटलं, ते धरायचं न्हाई व्हय ह्यात?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "काय वाटलं तुमाला?"

"आता सांगून काय करू? सांगितलं की तुला ओझं." बैलानं शेपटीनं त्याच्या पाठीवर फटका मारला, तो तिथून हललाही नाही. "दुसऱ्या कशाचं वाटतं का तुला हल्ली काई?"

केशरनं विचार केला. "न्हाई. हरणीचं बी न्हाई वाटलं."

"ठाऊक हाय. तिच्या कानातला बिल्ला मीच काढला. तू दोरी त्या व्यापाऱ्याच्या हातात दिली अन् घड्याळात बघितलंस. तवाच वाटलं, ही पोरगी लई दमलीय."

"तरी मागणी घातली?"

"त्याच्याच दुसऱ्या दिवशी चुलत्याला बोललो."

 चाऱ्याचा ट्रक आत आला, माणसं तिकडं धावली.

"मंग जायचं का गंजीमागं?" केशरनं विचारलं.

"न्हाई. आता मी भिऊन घेईन अन् तू बघत बसशील. त्यात कुनालाच काई कळायचं न्हाई." त्यानं वही पुन्हा उघडली. "अर्जावर माजी सही झालीय. तू कर न्हाईतर नको करू, मी राग धरनार न्हाई. पाऊस पडला की छावणी उठंल, मंग मी कुठं असंन ते सांगता येत न्हाई. हे तेवढं खरं हाय."

ती वळली तेव्हा मागून तो नंबर मोठ्यानं वाचत होता. आवाज नेहमीसारखाच होता. एक नंबर त्यानं दोनदा वाचला.

पावणेपाचला आप्पा संस्थेच्या कार्यालयात आले. छावणीतून ते असे तिसऱ्यांदाच बाहेर पडले होते. टोपी धुतलेली होती. सेक्रेटरी सुंदरराव अर्जांचा गठ्ठा लावत बसले होते.

"सदतीस जोडपी झाली," ते म्हणाले. "अडतिसावं तुमचं. ये केशर, इथं सही कर. हजार लोकांच्या दुधाला आकडे देतेस, दोन अक्षरं स्वतःची लिही."

केशरनं अर्ज वाचला. मुलाची सही होती, गिचमिड, पण पूर्ण नावाची. त्याच्या चुलत्याची होती. आप्पांनी उभ्या उभ्या आपली केली आणि पेन तिच्याकडं दिलं.

"पोरी, मनात काई असंल तर बोल," ते म्हणाले.

"मनात काईच न्हाई आप्पा. तेच तर सांगता यीना."

आप्पांनी सुंदररावांकडं बघितलं. सुंदररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं. पाचला पाच मिनिटं होती. बाहेर किटल्या वाजायला लागल्या आणि बायनाबाईनं हाक मारली, "केशर, मान्सं खोळंबलीत गं."

"संकलन करून येते," केशर म्हणाली.

"अगं, पाचला बंद करायचंय मला," सुंदरराव म्हणाले.

ती गेली होती. पेन तिच्या हातातच राहिलं होतं.

पाच वाजून वीस मिनिटांनी बाहेर सोळा माणसांची रांग होती. आप्पा कार्यालयाच्या पायरीवर बसून होते. आत सुंदररावांनी सदतीस अर्ज दोऱ्यानं बांधून कपाटात ठेवले. अडतिसावा टेबलावर राहू दिला आणि त्यावर पेपरवेट ठेवलं. अर्जावर तीन सह्या होत्या, मुलीच्या सहीची जागा कोरी होती.