दुसरा बाण

ऑपरेशनच्या सकाळी सर्जनबाई माझ्या खाटेशी आल्या. पांघरूण वर सारून त्यांनी जाड पेनाने माझ्या उजव्या पायावर, गुडघ्याच्या जरा वर, आतल्या अंगाला एक काळा बाण काढला.

"हा गुडघा बदलायचा," त्या म्हणाल्या. "शाई सुकू द्या हं, आजोबा."

त्या शेजारच्या खाटेकडे वळल्या. माझे पाय तसेच उघडे होते आणि समोरून लोक ये-जा करत होते. मी गुडघे एकमेकांना चिकटवले आणि चादर ओढून घेतली. नंतर सिस्टरने एक गोळी दिली. ती घेतल्यावर छतावरचा पंखा फारच सावकाश फिरतोय असं वाटू लागलं.

"आजोबा, बाणाच्या दिशेनेच जायचं. सिग्नल तोडू नका," शेजारचा ट्रकवाला म्हणाला. त्याचा पाय वजनं लावून टांगून ठेवला होता.

"त्यांनी जन्मात सिग्नल तोडला नाही," आमची ही म्हणाली. "हिरवा झाला तरी मागच्याला आधी जाऊ देतात."

हिचं खोटं नव्हतं. मी भिडस्त माणूस. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा असतो, असं ही म्हणते, आणि आता तर दोन्ही पाय दुखत होते. उजवा जास्त. त्या उजव्यामुळे वर्षभर मी आमच्या माडीवर गेलो नव्हतो. माझी पुस्तकं माडीवर. ही खालून विचारायची, कुठलं आणू, आणि दुसरंच घेऊन यायची. दुसरा खंड आधी, पहिला कधीच नाही. मी मूग गिळून तेच वाचायचो. मला पुन्हा त्या खोलीत जायचं होतं, स्वतःच्या पायांनी. बाकी काही मागणं नव्हतं.

ट्रॉली निघाली. छतावरचे दिवे एकामागून एक वरून वाहत गेले, पाण्यावर सोडलेल्या दिव्यांसारखे. ऑपरेशनच्या खोलीत गार होतं आणि सगळं हिरवं होतं. कुणीतरी चादर बाजूला केली.

"हे काय?" सर्जनबाईंचा आवाज. "दोन बाण?"

मी मान उचलून पाहिलं. डाव्या पायावरही एक बाण होता, जरा फिकट, पण टोक नेमकं गुडघ्याकडे. चिकटलेल्या मांड्यांनी ओल्या बाणाची नक्कल करून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

"कागदावर उजवा आहे, मॅडम," भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

"असू दे. इथला नियम माहीत आहे ना? पेशंट स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत कुणी काही करायचं नाही. नाही सांगता आलं तर परत वॉर्डात, नवी तारीख." त्या माझ्यावर वाकल्या. "आजोबा, कुठला गुडघा?"

साधा प्रश्न. पण दोन बाण समोर दिसल्यावर मला वाटलं, बाईंनीच दोन्ही काढले असतील. त्या शिकलेल्या, मी कोण सांगणार? डावाही दुखतोच की. मी म्हणणार होतो, "तुम्हाला योग्य वाटेल तो." शब्द जिभेवर आले होते. जन्मभर तेच तर म्हटलं होतं.

मी डोळे मिटले. समोर आमचा जिना होता. लाकडी, कठडा हाताळून गुळगुळीत झालेला. वरून जुन्या कागदाचा वास येत होता. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने काल सांगितलं होतं, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी." ट्रकवाला तेव्हा म्हणाला होता, "म्हणजे स्वर्गात चांगलाच आधी जातो."

मी जिन्याशी उभा राहिलो आणि कुठला पाय उचलायचा ते ठरवलंच नाही. नुसता बघत राहिलो. पाय आपण होऊन उचलला गेला. डावा. मग मागून उजवा आला, लंगडत, दातओठ खात. पुन्हा डावा. वळणाशी उजव्याने नेहमीसारखी हाय खाल्ली आणि मी थांबलो. वर दाराच्या फटीतून उजेड येत होता.

"आजोबा? झोपलात का?"

"चढताना डावा आधी जातो," मी म्हणालो.

"म्हणजे कुठला करायचा? नीट सांगा."

"उजवा." स्वतःचाच आवाज ऐकून मी दचकलो. "उजवाच. डाव्याला हात लावायचा नाही."

मास्कच्या वर बाईंचे डोळे हसले. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि डाव्या पायावरचा बाण पुसून टाकला. तो गारवा फार बरा वाटला. मग पाठीत सुई टोचली आणि दोन्ही पाय दूर कुठेतरी निघून गेले.

पडद्यापलीकडे ठोकाठोक चालू झाली. करवत, हातोडी, मधेच कुणाचं हसणं. माडीवर कुणीतरी माझ्यासाठी नवं कपाट बसवतंय असं वाटत होतं. मी खाली निजून ऐकत होतो. घाई नव्हती.

संध्याकाळी ही उशाशी बसली होती.

"उद्या येताना पुस्तक आणते. कुठलं आणू?"

"पहिला खंड," मी म्हणालो. "आणि तो नसेल तर काही आणू नकोस. माझं मी जाऊन घेईन."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग सिस्टरला हाक मारून म्हणाली, "अहो, यांची भूल अजून उतरलेली दिसत नाही."